कोळशाची खाण आणि गावची विहीर

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. कोळशाच्या खाणी असलेल्या प्रदेशात या म्हणीला आणखी एक पुस्ती जोडावी लागेल : विहीर आटल्यावर तिचे पाणी मोजायला बसू नये. आटलेली विहीर आपण आटलो एवढेच सांगते. तिच्यात पूर्वी किती पाणी होते, ते कोणत्या महिन्यात उतरू लागले आणि कशामुळे उतरले, हे सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. मग गावकरी म्हणतात, खाण आली आणि पाणी गेले. खाणीचे अधिकारी म्हणतात, यंदा पाऊसच कमी पडला. दोन्ही पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतील, परंतु पुरावा दोघांजवळही नसतो. आणि ज्याच्या घरातला हंडा रिकामा आहे, त्याचीच बाजू अशा वेळी लंगडी पडते.

हा पुरावा आधीपासून कसा जमवावा, कोणी जमवावा आणि तो नसला म्हणजे काय घडते, हा या विषयाचा गाभा होय. त्यासाठी लागणारी साधने फारशी अवघड नाहीत; अवघड आहे ते सातत्य. तथापि साधनांकडे वळण्यापूर्वी जमिनीच्या पोटात कोळसा आणि पाणी यांचा शेजार कसा असतो, हे पाहिले पाहिजे.

कोळसा भूगर्भात एकटा नसतो. पोथीची पाने एकावर एक रचलेली असावीत, तसे वालुकाश्म, चिकणमातीचे घट्ट खडक आणि कोळसा यांचे थर एकमेकांवर पसरलेले असतात. वालुकाश्माच्या कणांमधील पोकळ्यांत आणि भेगांत पाणी साठते. चिकणमातीचे खडक ते पाणी खाली झिरपू देत नाहीत. भारतातील बहुतेक दगडी कोळसा गोंडवन काळातील खडकांत सापडतो. त्यांपैकी बराकर नावाच्या थरांत कोळसा असतो आणि त्यांच्या वरच्या बाजूस अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आढळतो. नागपूरजवळील कामठी गावावरूनच या खडकाला हे नाव मिळाले आहे. वर्धेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यांत हा वालुकाश्म भूजलाचा चांगला साठा मानला जातो. म्हणजे शेतकऱ्याला हवे असलेले पाणी आणि कारखान्याला हवा असलेला कोळसा हे एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर राहणारे भाडेकरू आहेत. खालच्या मजल्यावर तोडफोड सुरू झाली, तर वरच्याला तिचा उपद्रव किती होईल, हे मधल्या तक्तपोशीवर अवलंबून असते.

भूमिगत खाणीत कोळसा काढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत कोळशातून आडवेउभे बोगदे खणतात आणि छताला आधार म्हणून मधूनमधून कोळशाचेच खांब राखतात. जोवर हे खांब शाबूत असतात, तोवर वरची जमीन सहसा जागची हलत नाही. मात्र पुढे तेही खांब काढून घेतले, तर छत कोसळते. दुसऱ्या पद्धतीला लाँगवॉल म्हणतात. तिच्यात दोनतीनशे मीटर रुंदीचा कोळशाचा सलग पट्टा यंत्राने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कापीत नेतात. कामगारांच्या डोक्यावर पोलादी आधारांचे छप्पर असते. यंत्र पुढे सरकले की हे आधारही पुढे सरकतात आणि मागचे छत मुद्दाम कोसळू देतात. ही पद्धत जलद आहे, आणि तिच्यात कोळसा तुलनेने कमी वाया जातो. परंतु जमीन खचणे हा तिच्यात अपघात नसून क्रमप्राप्त भाग असतो. दोन मीटर जाडीचा थर काढला, तर वरची जमीन मीटरभर किंवा त्याहूनही अधिक खाली बसू शकते.

छत कोसळल्यावर त्याच्या वरच्या खडकाचे काय होते? अगदी खालचा भाग तुकडे तुकडे होऊन पोकळीत भरतो. त्याच्या वरच्या पट्ट्यात खडक जागच्या जागी राहतो, पण त्याला उभ्याआडव्या भेगा पडून त्या एकमेकींना मिळतात. या पट्ट्यातले पाणी खाणीत उतरते. त्याहून वरचे थर केवळ वाकतात. तेथे थरांच्या मध्ये फटी पडतात, परंतु त्या खालपर्यंत पोचतीलच असे नाही. अगदी वर, जमिनीच्या पृष्ठभागाजवळ, ताण पडून पुन्हा उथळ भेगा निर्माण होतात. भेगांचा खालचा पट्टा किती उंच चढतो, हा सर्व वादाचा केंद्रबिंदू आहे. तो पट्ट्याची रुंदी, काढलेल्या कोळशाची जाडी, खाणीची खोली आणि खडकाचा कणखरपणा यांवर ठरतो. तो वाकलेल्या थरांच्या खालीच थांबला, तर वरचे पाणी बव्हंशी वाचते. तो वरच्या उथळ भेगांना जाऊन मिळाला, तर ओढ्याचे पाणी थेट खाणीची वाट धरते.

विहिरीवर होणारा परिणामही सरळ एका रेषेत घडत नाही. लाँगवॉलचे तोंड विहिरीच्या जवळ येऊ लागले, की पाण्याची पातळी उतरू लागते. खडकात नव्या फटी उघडतात आणि असलेले पाणी त्या फटी भरण्यात खर्च होते. तोंड विहिरीखालून जात असता पातळी बहुधा सर्वांत खाली असते. त्यानंतर वाकलेले थर पुन्हा दाबले जातात, फटी काही अंशी मिटतात आणि काही विहिरींत पाणी हळूहळू परत येते. दरीतल्या विहिरींना हा लाभ अधिक मिळतो. टेकडीवरच्या विहिरींना कमी मिळतो, कारण तेथले पाणी नव्या वाटांनी उतारावर निघून जाते. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. खाण जवळ येताना घेतलेले एकच माप भीती दाखवील, आणि वर्षा-दोन वर्षांनी घेतलेले एकच माप खोटा दिलासा देईल. खरी कथा या सर्व मापांच्या ओळीत असते, एकट्या मापात नसते.

पाणी टिकले तरी त्याचा गुण बदलू शकतो. कोळशात आणि त्याच्या शेजारच्या खडकांत लोह व गंधक यांचे एक संयुग असते. त्याला माक्षिक म्हणतात. हवा आणि पाणी यांच्याशी त्याचा संबंध आला, की त्यातून गंधकाम्ल आणि विरघळलेले लोह तयार होते. असे पाणी उघड्यावर आले म्हणजे त्यातले लोह तांबूस-पिवळ्या गाळाच्या रूपाने ओढ्याच्या तळावर बसते. जेथे खडकात चुन्याचा अंश पुरेसा असतो, तेथे आम्ल मारले जाते. मात्र सल्फेट आणि क्षार पाण्यात राहतातच. पाणी दिसायला स्वच्छ असते, पण डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अशा बदलाची पहिली चाहूल घरातील स्त्रियांना लागते. प्रयोगशाळेला ती बरीच उशिरा कळते.

आता मोजणीकडे वळू. पहिले साधन अगदी साधे आहे : विहिरीच्या कठड्यावर केलेली एक कायमची खूण आणि वजन बांधलेली मोजपट्टी. पहाटे, उपसा सुरू होण्यापूर्वी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून तारखेसह वहीत लिहावयाचे. दरवेळी खूण तीच हवी आणि वेळही तीच हवी. एखाद्याने दुपारी मोटार चालू असताना माप घेतले, तर ते विहिरीचे नव्हे, मोटारीचे माप होते.

परंतु विहीर केवळ वरच्या थराची बातमी देते. खालच्या थरांची बातमी कळण्यासाठी जमिनीत अरुंद भोके पाडून त्यांत नळ्या बसवतात. त्यांना पायझोमीटर म्हणतात. एका नळीचे तोंड एकाच ठराविक खोलीवर उघडे ठेवतात आणि बाकीची बाजू चिकणमातीने बंद करतात, म्हणजे त्या खोलीवरील पाण्याचाच दाब कळतो. एकाच जागी निरनिराळ्या खोल्यांवर अशा चारपाच नळ्या बसवल्या, तर कोणत्या मजल्यावरचे पाणी प्रथम हलले, हे स्पष्ट दिसते. खालच्या नळीतील दाब पडला आणि वरच्या स्थिर राहिल्या, तर मधली तक्तपोशी शाबूत आहे; खालून वर एकामागून एक सर्व नळ्या पडू लागल्या, तर ती फुटली आहे. आजकाल नळीत दाब मोजणारे यंत्र सोडून ठेवतात आणि ते ताशी नोंद घेत राहते.

त्याच्या जोडीला पर्जन्यमापक हवा. पाऊस मोजल्यावाचून विहीर मोजणे म्हणजे जमेची बाजू न पाहता केवळ खर्चाची बाजू पाहण्यासारखे होय. तसेच, खाणीच्या प्रभावापासून दूर, पण त्याच खडकात आणि त्याच पावसाच्या छायेत असलेल्या काही विहिरीही मोजल्या पाहिजेत. अवर्षण आले तर जवळच्या आणि दूरच्या दोन्ही विहिरी उतरतील. केवळ खाणीजवळच्याच उतरल्या, तर दोष आभाळाकडे देता येणार नाही. ‘यंदा पाऊसच कमी पडला’ या वाक्याची खरी परीक्षा या दूरच्या विहिरीच करू शकतात.

ओढ्यासाठी आडवा लहान बांध घालून त्याला त्रिकोणी खाच ठेवतात. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह किती, ते गणिताने निघते. असे दोन बांध, एक खाणपट्ट्याच्या वरच्या अंगास आणि एक खालच्या अंगास, असले म्हणजे मध्ये पाणी गडप होते किंवा काय, हे कळते. पाण्याचा गुण पाहण्यासाठी आम्लता, विद्युतवाहकता, सल्फेट, लोह आणि मँगनीज यांची तपासणी करतात. यांत वाहकता मोजणे सर्वांत सोपे आहे. क्षार वाढले की ती वाढते, आणि ती मोजण्याचे यंत्र खिशात मावते.

शेवटचा आणि महत्त्वाचा हिशेब खाणीच्या आतला असतो. खाणीत बाहेरून किती पाणी नेले, पंपाने किती बाहेर टाकले, कोळशाच्या ओलाव्यातून आणि हवेच्या बाष्पातून किती गेले, याची रोजची जमाखर्चाची वही ठेवली, तर भूगर्भातून किती पाणी आले, ते निघते. मुसळधार पावसानंतर काही दिवसांनी हा आकडा दर वेळी चढत असेल, तर वरून खाली वाट झाली आहे, असा संशय घ्यावा लागतो. याची शहानिशा करण्यासाठी पाण्याचे वयही काढतात. पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाचे किरणोत्सारी हायड्रोजन अत्यल्प प्रमाणात असते आणि ते सुमारे १२ वर्षांत निम्मे होते. शतकानुशतके खडकात अडकलेल्या पाण्यात ते उरलेले नसते. खाणीच्या पाण्यात ते सापडले, तर ते पाणी अलीकडच्या पावसाचे आहे, हे उघड होते.

या सर्व साधनांना अर्थ येतो तो मात्र एका अटीवर. मोजणी खाण सुरू होण्यापूर्वी सुरू झाली पाहिजे. ही अट कायद्याच्या चौकटीत कशी बसवता येते, याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पाहावयास मिळते. त्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात, ग्रीन आणि वॉशिंग्टन या परगण्यांत, पिट्सबर्ग नावाचा सुमारे दोन मीटर जाडीचा कोळशाचा थर आहे, आणि तेथील खेड्यांत घरोघरी स्वतःची विहीर किंवा झरा असतो. जमीन खचण्याबाबतचा तेथील मूळ कायदा १९६६ सालचा. तो घरांच्या रक्षणाचा विचार करीत होता. १९९४ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पाण्याचा विषय त्यात स्पष्टपणे आला. भूमिगत खाणीमुळे कोणाच्या घरचे किंवा शेतीचे पाणी आटले वा दूषित झाले, तर खाणचालकाने ते पूर्ववत करून द्यावे किंवा दुसरे पाणी पुरवावे, असा दंडक घालण्यात आला.

या दुरुस्तीचे खरे वैशिष्ट्य पुराव्याच्या ओझ्यात आहे. काढलेल्या कोळशाच्या कडेपासून, उभ्या रेषेशी ३५ अंशांचा कोन करून वर रेषा काढावयाची. ती जमिनीला जेथे मिळेल तेथपर्यंतच्या क्षेत्रातले पाणी बिघडले, तर ते खाणीमुळेच बिघडले असे गृहीत धरले जाते. खाण २०० मीटर खोल असेल, तर हे क्षेत्र तिच्या कडेपासून सुमारे १४० मीटर बाहेर जाते. या क्षेत्रात विहीर असलेल्या शेतकऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही. आपला दोष नाही, हे खाणचालकाने सिद्ध करावयाचे असते. जवळ दुसरी सोय नसेल, तर तक्रार आल्यापासून २४ तासांच्या आत तात्पुरते पाणीही द्यावे लागते.

मग खाणचालकाने आपला बचाव कशाच्या आधारे करावा? तर खाण येण्यापूर्वी केलेल्या तपासणीच्या आधारे. विहिरीत पूर्वीपासूनच पाणी कमी होते किंवा लोह अधिक होते, हे त्याला आधीच्या नोंदीवरून दाखवता येते. म्हणून आधीची मोजणी ही त्याच्याच हिताची होते आणि ती तो आपणहून करवून घेतो. उलटपक्षी, एखाद्या मालकाने ही तपासणी करू दिली नाही, तर गृहीतकाचा लाभ त्याला मिळत नाही. पाणी बिघडल्यापासून दोन वर्षांनंतर केलेला दावाही मानला जात नाही. याप्रमाणे दोन्ही पक्षांना वेळेवर मोजण्यास आणि वेळेवर बोलण्यास भाग पाडणारी ही योजना आहे. दर पाच वर्षांनी या कायद्याच्या परिणामांचा अहवाल सिद्ध करावा, असेही बंधन तेथील पर्यावरण खात्यावर आहे.

याचा अर्थ तेथे सर्व आलबेल आहे, असा मात्र नव्हे. ग्रीन परगण्यातील रायर्सन स्टेशन या सरकारी उद्यानात ड्यूक लेक नावाचा जलाशय होता. लोक तेथे मासे धरावयास आणि नौकाविहारास येत. २००५ च्या जुलैमध्ये त्याच्या धरणाला तडे गेलेले आढळले आणि सुरक्षिततेसाठी जलाशय रिकामा करावा लागला. जवळच्या लाँगवॉल खाणीमुळे जमीन हलल्याने हे घडले, असा निष्कर्ष सरकारी खात्याने काढला. खाणकंपनीने तो मान्य केला नाही. वाद चालत राहिला आणि २०१३ साली कंपनीने दोष कबूल न करता ३ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे ठरून तडजोड झाली. पैसे आले, पण पाणी आले नाही. कारण जमिनीची हालचाल अद्याप थांबलेली नाही, म्हणून धरण पुन्हा बांधता येणार नाही, असे २०१५ साली जाहीर करावे लागले. भरपाई आणि पुनःस्थापना या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

विहिरीपेक्षा ओढ्याची कथा आणखी निराळी असते, कारण ओढ्याला मालक नसतो आणि म्हणून त्याच्या वतीने कोणी वही ठेवीत नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या दक्षिणेस वॉराटा रिव्ह्युलेट नावाचा ओढा आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या वोरोनोरा जलाशयाला तो मिळतो. त्याच्याखालून लाँगवॉल पद्धतीने कोळसा काढल्यावर ओढ्याच्या खडकाळ तळाला भेगा पडल्या आणि वर्षानुवर्षे भरलेले डोह कोरडे पडू लागले. तेथे ओढ्याचा तळ खचण्याऐवजी उलट वर उचलला गेला. फरशीला दोन्ही बाजूंनी दाब आला की ती मध्येच फुगते आणि फुटते, तसाच हा प्रकार. दरीच्या दोन्ही बाजू किंचित जवळ आल्या आणि मधला खडक फुटला. पाणी त्या भेगांतून खाली शिरले आणि काही अंतरावर लोहाचा तांबूस रंग घेऊन पुन्हा वर आले. त्यातले किती परत आले आणि किती कायमचे गेले, हा वादाचा प्रश्न झाला. तो सोडविण्यास खाण येण्यापूर्वीची पुरेशी मोजणी हवी होती. २००६ च्या अखेरीस न्यू साउथ वेल्स सरकारने या संपूर्ण कोळसाक्षेत्राची चौकशी सुरू केली. २००८ च्या जुलैमध्ये तिचा अहवाल आला. त्यातील एक शिफारस अशी की, महत्त्वाच्या निसर्गस्थळांबाबत खाणीच्या अर्जासोबत किमान दोन वर्षांची पूर्वमोजणी जोडलेली असावी. एक वर्ष पुरत नाही, कारण एक वर्ष सुकाळाचे किंवा दुष्काळाचे असू शकते.

मोजणी जशी खाणीपूर्वी सुरू व्हावी लागते, तशी ती खाण संपल्यावरही चालू ठेवावी लागते. खाण चालू असते तोवर पंप अहोरात्र चालतात. ती बंद झाली की पंप थांबतात आणि पोकळ्या पाण्याने भरू लागतात. हे पाणी वर चढत असता माक्षिकापासून निर्माण झालेले क्षार विरघळवून घेते आणि कधी तरी एखाद्या सखल जागी फुटून बाहेर येते. जर्मनीतील रूर प्रदेशात दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. पण पंप बंद झाले नाहीत. शेदीडशे वर्षांच्या खाणकामाने तेथील जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली आहे. पंप थांबवले, तर त्या प्रदेशाचा सुमारे पाचवा भाग पाण्याखाली जाईल. म्हणून या खर्चासाठी तेथे एक कायमचा निधी उभारला आहे आणि जर्मन लोक या जबाबदाऱ्यांना चिरंतन ओझे म्हणतात. कोळसा संपतो, पाण्याचा हिशेब संपत नाही.

जुन्या खाणीत साठलेल्या पाण्याचा हिशेब चुकला, तर त्याची किंमत मनुष्यप्राणांनीही मोजावी लागते. धनबादजवळील चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या जुन्या खाणकामात साठलेले पाणी मधला अडसर फोडून खाली काम करणाऱ्यांवर कोसळले आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. गावच्या विहिरीसाठी ठेवलेली पाण्याची नोंद आणि कामगाराच्या जिवासाठी ठेवलेली पाण्याची नोंद या वस्तुतः एकाच वहीच्या दोन बाजू आहेत.

मराठी भाषकांच्या वस्तीजवळही हा प्रश्न दूरचा नाही. हैदराबादच्या जुन्या संस्थानात येल्लंदूजवळ १८७१ साली कोळशाचा शोध लागला आणि त्यातून पुढे सिंगरेणीच्या खाणी उभ्या राहिल्या. गोदावरीच्या त्याच खोऱ्यात रामगुंडमजवळ अड्रियाला येथे लाँगवॉल पद्धतीची खाण आहे. नागपूर जिल्ह्यात सावनेर, सिलेवाडा आणि पाटणसावंगी या परिसरात भूमिगत खाणी चालत आल्या आहेत. पाटणसावंगी येथे खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून ते ‘कोल नीर’ या नावाने पिण्यासाठी देण्याचा उपक्रमही वेस्टर्न कोलफील्ड्सने केला. उपसलेले पाणी वाया न घालवता लोकांना देणे स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु हे पाणी खाणीने निर्माण केलेले नसते. ते भूगर्भातून, म्हणजे विहिरी ज्या साठ्यावर जगतात त्याच साठ्याच्या आसपासून, आलेले असते. म्हणून किती पाणी दिले यासोबत किती पाणी उपसले, हाही आकडा गावापुढे यावयास हवा.

आपल्याकडे मोजणीची व्यवस्थाच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. केंद्रीय भूजल मंडळ आणि महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक विहिरींची मापे वर्षातून चार वेळा घेतात. खाणींना पर्यावरणविषयक मंजुरी देताना, आजूबाजूच्या विहिरी आणि नवे पायझोमीटर यांचे जाळे उभारून मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी या महिन्यांत पातळी मोजावी, अशी अट सहसा घातलेली असते. या महिन्यांची निवड विचारपूर्वक झालेली आहे. मे महिन्यात विहीर सर्वांत खाली असते, ऑगस्टात ती भरत असते, नोव्हेंबरात पावसाळ्याची शिल्लक कळते आणि जानेवारीत रब्बीच्या उपशाचा परिणाम दिसतो. मोसमी पावसाच्या देशात हंगामाहंगामांतला फरकच काही मीटरांचा असतो. म्हणून मे महिन्याचे माप गेल्या मे महिन्याशीच ताडून पाहावे लागते. नोव्हेंबराशी ताडले, तर निष्पाप खाणही दोषी ठरेल आणि दोषी खाणही निर्दोष सुटेल.

तथापि चार मापे ही हंगामाची बातमी देतात. खाणीचे तोंड विहिरीखालून जाते त्या आठवड्यांची बातमी त्यांतून निसटू शकते. त्या काळात मोजणी आठवड्याची किंवा रोजची हवी. दुसरे असे की, ही मापे बहुधा खाण चालविणाऱ्या संस्थेनेच घ्यावयाची आणि तिनेच सरकारला कळवावयाची असतात. त्यांत अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. परंतु ज्या आकड्यावर आपली विहीर अवलंबून आहे, तो आकडा गावकऱ्याने पाहिलेलाच नसेल, तर त्याचा विश्वास बसावा कसा? आकडा खरा असणे आणि तो सर्वांसमोर घेतला जाणे, या दोन्ही गोष्टींची आवश्यकता असते.

यासाठी फार मोठा खर्च नको. गावातील पाचसहा विहिरी निवडाव्यात. त्यांत दोन खाणीपासून दूरच्या असाव्यात. प्रत्येकीच्या कठड्यावर खूण करावी. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा. दर पंधरवड्यास माप घेऊन ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि वहीत लिहावे, आणि वर्षातून दोनदा पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. खाणीचा माणूस आणि गावचा माणूस यांनी एकाच दिवशी, एकाच खुणेपासून, एकत्र माप घेतले, तर उद्याचे अनेक तंटे आजच मिटतील. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांकडून हे काम उत्तम होते, आणि त्यांना भूगोलाचा धडाही त्यातच मिळतो.

कोळसा राष्ट्राला अद्याप हवा आहे आणि खाणकामगाराचे घरही त्यावरच चालते. म्हणून खाण नको, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. परंतु कोळसा एकदाच निघतो आणि विहीर पिढ्यान्‌पिढ्या पुरते. तिला काही झाले किंवा झाले नाही, हे निःशंकपणे सांगता येणे हा खाणीचाही लाभ आहे आणि गावाचाही. त्यासाठी पहिले माप खाणीचे पहिले यंत्र येण्याआधी घेतलेले असले पाहिजे. ते राहून गेले, तर पुढे कितीही मोठे तज्ज्ञ आले, कितीही महागडी यंत्रे आली, तरी ते एक माप मागाहून घेता येत नाही.